अळूची खाचरे आणि अनेक हात : हवाई बेटांवरील अन्नस्वावलंबन

प्रशांत महासागराच्या मध्यभागी असलेल्या हवाई बेटांपासून सर्वांत जवळचा खंड म्हणजे उत्तर अमेरिका, आणि तोही सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहे. चौदा लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेली ही बेटे १९५९ पासून अमेरिकेच्या संघराज्यातील पन्नासावे राज्य म्हणून ओळखली जातात. डोंगरमाथ्यांवर विपुल पाऊस, ज्वालामुखीजन्य सुपीक माती आणि बाराही महिने पीक घेता येईल असे सौम्य हवामान या बेटांना लाभले आहे. असे असूनही तेथे खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी ८५ ते ९० टक्के अन्न जहाजांतून बाहेरून येते, असा अंदाज राज्य शासनाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नसुरक्षाविषयक अहवालात देण्यात आला होता. हा अंदाज आहे, पै-पैचा हिशेब नव्हे. परंतु त्याच्या दिशेबद्दल तेथे फारसा वाद नाही.

बेटावर राहणाऱ्या माणसाला बंदराचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. १९४९ मध्ये हवाईतील गोदी कामगारांनी केलेला संप सुमारे सहा महिने चालला आणि दुकानांतील फळ्या रिकाम्या पडू लागल्या. ११ सप्टेंबर १९९२ रोजी ‘इनिकी’ नावाचे चक्रीवादळ कवाई बेटावर आदळले, तेव्हा घरांची छपरे उडाली आणि बाहेरच्या मदतीवाचून गत्यंतर उरले नाही. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे पर्यटकांचे येणे जवळजवळ थांबले, त्या वेळी मात्र संकट उलट बाजूने आले. उपाहारगृहे व हॉटेले बंद पडल्याने भाजी शेतात उभी राहिली आणि रोजगार गेलेली कुटुंबे मोफत शिध्यासाठी रांगेत उभी राहिली. पिकविणारा आणि खाणारा एकाच बेटावर असूनही त्यांच्यामधली वाट तुटलेली होती. ही तुटलेली वाट जोडण्याचा जो प्रयत्न तेथील साध्यासुध्या माणसांनी एकत्र जमून चालविला आहे, तो या व्याख्यानाचा विषय होय.

हा प्रयत्न समजण्यासाठी आधी तेथील मूळ शेती पाहिली पाहिजे. १७७८ साली कॅप्टन कुक या बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील लाखोंची प्रजा बाहेरून धान्याचा एक दाणाही न आणता जगत होती. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे ‘कालो’, अर्थात आपले अळूच. वनस्पती एकच, महाराष्ट्रात तिचे पान वडीला आणि फतफत्याला लागते, अळकुड्या क्वचित भाजीला लागतात. हवाईत मात्र कंद हाच भाकरीच्या जागी आहे. तेथील कथेप्रमाणे आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले, ते पुरले त्या जागी अळूचे रोप उगवले, आणि नंतर जन्मलेले दुसरे मूल हा मानवाचा पूर्वज ठरला. त्यामुळे अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानला जातो. कुटुंब या अर्थाचा ‘ओहाना’ हा शब्दही अळूच्या मूळ कंदाला फुटणाऱ्या कोंबाच्या नावावरून आला आहे.

हे अळू पाण्याने भरलेल्या खाचरांत लावतात. कोकणातील शेतकऱ्याला ती खाचरे पाहून भातशेतीचीच आठवण होईल. ओढ्याला बांध घालून पाट काढावयाचा, पाटाचे पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात खेळवावयाचे आणि शेवटी ते पुन्हा ओढ्यात सोडावयाचे, अशी व्यवस्था होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रातील खडकांच्या कडेपर्यंतचा जमिनीचा एक पट्टा हे व्यवस्थापनाचे एकक होते. त्यास ‘अहुपुआआ’ म्हणत. वरच्या रानातले लाकूड, मधल्या सपाटीवरचे अळू आणि खालच्या मत्स्यतळ्यातील मासळी अशी एका पट्ट्यातील माणसांची गरज त्याच पट्ट्यात भागत असे. पाणी कोणी किती घ्यावे हे पाटाच्या दुरुस्तीला कोणी किती हात लावला यावर ठरे. श्रमाचा आणि पाण्याचा हा संबंध विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आजच्या मेळाव्यांचे मूळ तेथे आहे.

ही घडी उसाने विस्कटली. १८३५ मध्ये कवाई बेटावर कोलोआ येथे उसाचा पहिला टिकाऊ मळा सुरू झाला. १८४८ च्या जमीनवाटपानंतर खाजगी मालकीचा मार्ग मोकळा झाला आणि पुढील शंभर वर्षांत मळेवाल्यांनी डोंगर पोखरून पाणी कोरड्या बाजूस वळविले. ओआहू बेटावरील वायाहोले कालवा १९१६ मध्ये पूर्ण झाला. त्याने बेटाच्या पावसाळी बाजूचे पाणी बोगद्यांतून दुसऱ्या बाजूच्या उसाला नेले. खालच्या ओढ्यांवरील अळूची खाचरे सुकली. काही ठिकाणी चिनी शेतकऱ्यांनी त्याच खाचरांत भात केला. तो भातही कॅलिफोर्नियातील स्वस्त तांदळापुढे टिकला नाही. पुढे उसाचेही दिवस फिरले. मावी बेटावरील शेवटचा साखर कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. ज्या पिकासाठी अन्नाची शेती मोडली, ते पीकही अखेर राहिले नाही.

ऊस गेला म्हणजे पाणी आपोआप अळूकडे परतले, असे मात्र झाले नाही. वायाहोलेचे पाणी वापरणारा मळा १९९५ मध्ये बंद पडल्यावर ते पाणी कोणाचे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की पाणी ही जनतेची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे. ओढा वाहता राखणे आणि मूळ रहिवाशांचे पारंपरिक हक्क सांभाळणे हे विश्वस्ताचे कर्तव्य होय. पाणीवाटपाचे तंटे ज्यांच्यापुढे येतात त्या पंचायत सदस्यांना या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता मेळाव्यांकडे वळू. कवाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हनालेई गावाच्या पश्चिमेला वाईपा नावाची एक दरी आहे. सुमारे सोळाशे एकरांचा हा एक संपूर्ण अहुपुआआ आहे. १९८० च्या दशकात तेथे बांधकामाच्या योजना येऊ घातल्या होत्या. हनालेई परिसरातील हवाईयन शेतकरी व वडीलधारी मंडळी एकत्र आली, जमिनीच्या मालक विश्वस्त संस्थेकडे त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि दरी भाडेपट्ट्याने मिळविली. खाचरे पुन्हा बांधली गेली, अळू लागले. परंतु खरी अडचण त्यानंतरची होती.

अळूचा कंद कच्चा खाता येत नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. खाजऱ्या अळूचा अनुभव ज्यांच्या घशाला आहे त्यांना हे ठाऊकच असेल. म्हणून कंद प्रथम कित्येक तास वाफेवर शिजवावा लागतो. त्यानंतर प्रत्येक कंदाची साल हाताने खरवडून काढावयाची, डाग व रेषा कोरून टाकावयाच्या, आणि मग तो काठवटीसारख्या लाकडी फळीवर दगडी बत्त्याने कुटावयाचा किंवा यंत्रातून दळावयाचा. त्या घट्ट गोळ्याला ‘पाई-आई’ म्हणतात. त्यात पाणी घालून सैल केले की ‘पोई’ होते. पोई दोन-तीन दिवस ठेवली की आंबते आणि आंबिलीसारखी तिची आंबट चव अनेकांना अधिक आवडते. या साऱ्या खटाटोपात दळण्याचे काम यंत्र करते, शिजविण्याचे काम शेगडी करते. साल काढणे मात्र माणसाच्या बोटांवाचून होत नाही. कंद वेडेवाकडे असतात. सारा खर्च या एका टप्प्यावर साचतो. मजुरीचे दर अमेरिकेचे असल्याने पोई महाग झाली, आणि ज्या लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न, त्यांनाच ते परवडेनासे झाले. बाहेरून आलेला तांदूळ स्वस्त पडू लागला.

वाईपातील माणसांनी नेमका हा टप्पा उचलला. आठवड्यातील एक दिवस, गुरुवार, त्यांनी पोईचा दिवस ठरविला. शिजलेल्या अळूच्या राशीभोवती पहाटेपासून माणसे जमतात. त्यांत सुरकुतलेल्या हातांच्या आजीबाई असतात, शाळेची मुले असतात, शेजारची कुटुंबे असतात आणि कधी एखादा पर्यटकही मांडी ठोकून बसतो. साली निघतात, गप्पा होतात, कोणत्या वाणाचा कंद चिकट आणि कोणत्याचा जांभळा हे मुलांना ऐकता ऐकता कळते. साफ झालेले अळू दळून पोईच्या पिशव्या भरल्या जातात आणि त्या अल्प किमतीत बेटावरील कुटुंबांकडे, विशेषतः वृद्धांकडे जातात. हा उपक्रम एखाद्या सणापुरता नाही. दशकानुदशके तो आठवड्याच्या नेमाने चालत आला आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीला नावे आहेत. कोकणात लावणीच्या वेळी सावड असते; देशावर एका शेतकऱ्याच्या रानात गावचे नांगर जुंपून इर्जिक घालीत आणि मालक सर्वांना जेवू घाली. हवाईयन भाषेत ‘लौलिमा’ हा शब्द आहे, त्याचा अर्थच अनेक हात असा होतो. मात्र सावडीत आणि वाईपाच्या गुरुवारात एक महत्त्वाचा फरक आहे. सावडीत शेतकरी शेतकऱ्याला हात देतो. येथे खाणारा पिकविणाऱ्याला हात देतो. ज्याला पोई हवी आहे तोच तिच्या किमतीतला सर्वांत जड भाग श्रमाने उचलतो, आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या अळूला दर आठवड्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळते. शेतकऱ्याला पाठिंबा देणारी सभा, मिरवणूक किंवा ठराव यांच्याहून हा मेळावा वेगळा ठरतो, तो या कारणाने. मालाच्या वाटेवर कोणता टप्पा अडला आहे, हे आधी नीट पाहिले गेले आणि मग त्या टप्प्यावर माणसे बसविली गेली. कित्येक ठिकाणी याच्या उलट होते. माणसे आधी जमविली जातात आणि त्यांना काय द्यावे हा विचार नंतर सुचतो.

अशा कामात शासनाचा नियम आडवा येऊ शकतो, याचेही उदाहरण हवाईतच घडले. आरोग्य खात्याच्या नियमांप्रमाणे विकावयाचे अन्न मान्यताप्राप्त स्वयंपाकघरात तयार झाले पाहिजे. लाकडी फळी आणि दगडी बत्ता त्या चौकटीत बसत नव्हते. हाताने कुटलेली पाई-आई शेकडो वर्षे खाल्ली जात असूनही ती विकणे बेकायदेशीर ठरत होते. तरुण कुटणारे, शेतकरी आणि अभ्यासक विधिमंडळापुढे गेले, फळ्या-बत्ते घेऊन त्यांनी कुटण्याची प्रात्यक्षिके केली, आणि २०११ मध्ये कायदा होऊन ठराविक अटींवर हातकुटीच्या पाई-आईच्या विक्रीस मोकळीक मिळाली. या ठिकाणी आरोग्य खात्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. अन्नातून होणारी विषबाधा रोखणे हे त्या खात्याचे कामच आहे. नियम सैल करण्यापेक्षा, अळू नीट शिजलेले असावे, पाणी व हात स्वच्छ असावेत, फळी-बत्ता निर्जंतुक केलेला असावा, असा त्या वस्तूला साजेसा नियम घडविणे हे खरे काम होते.

ओआहू बेटावर हवाई विद्यापीठाच्या मानोआ परिसरात कानेवाई येथे ओढ्याकाठची जुनी खाचरे विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास शोधून काढली व पुन्हा लागवडीखाली आणली. तेथे महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणीही येऊन चिखलात उतरावे, अशी प्रथा आहे. शिक्षकांच्या दृष्टीने कानेवाई महत्त्वाचे अशासाठी की तेथे भाषा, वनस्पतिशास्त्र आणि पाण्याचा इतिहास यांचे पाठ एकाच बांधावर उभे राहून देता येतात. त्याच बेटावर हेएया येथे सुमारे आठशे वर्षांपूर्वी बांधलेले ८८ एकरांचे मत्स्यतळे आहे. १९६५ च्या पुरात त्याची दगडी भिंत फुटली आणि पन्नास वर्षे फुटलेलीच राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे दोन हजार माणसांनी एका दिवसात हातोहात दगड पोहोचवून ते खिंडार बुजविले. एक दिवसाचे ते काम डोळ्यांत भरणारे होते यात शंका नाही; मात्र त्यापूर्वीची चौदा वर्षे एक लहानशी संस्था खारफुटीची परकी झाडे उपटीत आणि भिंत वीत-वीत सावरीत होती, हे विसरून चालणार नाही.

१४ व १५ एप्रिल २०१८ रोजी वाईपाची परीक्षा झाली. तेथील पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ४९.६९ इंच, म्हणजे सुमारे १,२६२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अमेरिकेच्या इतिहासातील चोवीस तासांच्या पावसाचा तो उच्चांक म्हणून पुढे अधिकृतपणे मान्य झाला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याची कल्पना येईल. हनालेईची नदी पात्र सोडून खाचरांत शिरली. राज्यातील अळूचा मोठा वाटा पिकविणारी ही दरी पाण्याखाली गेली. पाट गाळाने भरले, बांध फुटले, कंद जमिनीतच कुजले. वाईपाच्या पुढच्या वस्त्यांकडे जाणारा एकमेव रस्ता दरडींनी बंद झाला आणि सर्वांसाठी तो जून २०१९ मध्येच खुला झाला. मधल्या चौदा महिन्यांत तेथील रहिवासी ठराविक वेळी सुटणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यातून ये-जा करीत. पहिल्या दिवसांत तर शेजाऱ्यांनी होड्या काढून शिधा आणि औषधे पोहोचविली.

अळू लावल्यापासून काढणीपर्यंत नऊ ते चौदा महिने लागतात. म्हणजे त्या पुराने नुसते उभे पीक नेले नाही, तर पुढच्या वर्षाची पोईही नेली. त्यावर उत्तर म्हणून जे करता आले ते पुन्हा हातांनीच करता आले: पाटांतील गाळ उपसणे, बांध सावरणे, आणि वाचलेल्या रोपांचे शेंडे तोडून नव्याने लावणे. अळूचे एक बरे असते. कंद काढून घेतल्यावर देठासह राहिलेला शेंडा तसाच चिखलात खोचला की त्याचे नवे रोप होते. बियाणे विकत आणावे लागत नाही. आठवड्यागणिक एकत्र बसण्याची ज्यांना सवय होती, त्यांना संकटात कोणाला हाक मारावी याचा विचार करावा लागला नाही. या गोष्टीची नोंद कोणत्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या तक्त्यात येत नाही, आणि तरीही ती तक्त्यातील पुष्कळ रकान्यांहून मोलाची आहे.

असे असले तरी मेळाव्यांनी बेटे स्वयंपूर्ण होतील, असा समज कोणी करून घेऊ नये. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत हवाई राज्य आपल्या गरजेचे सारे दूध स्वतः काढीत असे. पुढे आयात पशुखाद्य महागले, मुख्य भूमीवरील दूध स्वस्त पडू लागले आणि गोठे एकेक करून बंद झाले. त्या गोठ्यांना शनिवारच्या स्वयंसेवकांनी वाचविले नसते. खते, इंधन, यंत्रांचे सुटे भाग हे सारे अजूनही जहाजानेच येते. १९२० च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या दोन बंदरांमधील वाहतूक अमेरिकेत बांधलेल्या जहाजांतूनच व्हावी लागते. त्याचाही भार किमतींवर पडतो, असे अनेकांचे म्हणणे आहे. राज्याच्या संविधानात १९७८ मध्येच शेतजमिनीच्या रक्षणाची आणि कृषिस्वावलंबनाच्या वाढीची तरतूद झाली. २०१६ मध्ये राज्यपालांनी २०२० पर्यंत स्थानिक अन्नोत्पादन दुप्पट करण्याचे जाहीर केले. ती मुदत नंतर २०३० वर गेली. कागदावरील संकल्प आणि शेतातील पीक यांच्यातील अंतर हवाईतही कमी नाही.

त्यातल्या त्यात आशेची वाट शाळांच्या स्वयंपाकघरातून जाते. संपूर्ण राज्याचा सरकारी शाळांचा कारभार एकाच खात्याकडे असल्याने ते खाते बेटांवरील अन्नाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. २०२१ च्या कायद्याने त्या खात्याला असे लक्ष्य दिले की २०३० पर्यंत शाळांत वाढल्या जाणाऱ्या अन्नापैकी ३० टक्के अन्न स्थानिक असावे. प्रारंभीच्या वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले. कारणे शोधू गेल्यास ती वाईपाच्या जुन्या अडचणीसारखीच निघतात. शाळेला सोललेले, चिरलेले, ठराविक वजनाचे आणि ठराविक दिवशी येणारे अन्न हवे असते. लहान शेतकऱ्याकडे मातीने भरलेले कंद असतात. नीरफणसाचे उत्पादक या बाबतीत एक पाऊल पुढे गेले. कोकणातील परसांत वाढणारे हे झाड हवाईत ‘उलू’ म्हणून ओळखले जाते. त्याची फळे हंगामात एकदम पिकतात आणि झाडाखाली कुजतात. २०१६ मध्ये बिग आयलंडवरील काही शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. फळे एकत्र करून, वाफवून, चिरून, गोठवून ती शाळांना व रुग्णालयांना वर्षभर पुरविता येऊ लागली.

वाईपातही पुढे आरोग्य खात्याच्या नियमांत बसणारे स्वयंपाकघर व पोईची गिरणी उभी राहिली. यंत्र मोठे झाले आणि शिजविण्याची भांडीही मोठी झाली. साल काढण्याचे काम मात्र हातांचेच राहिले आहे, आणि त्यासाठी गुरुवारी पहाटे माणसे यावी लागतात.